भोवरा करून घ्यायचाय? आधी हा हिशेब बघा

घाटंजीत मुलासाठी लाकडी भोवरा करून घ्यायचा असेल, तर एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. लाकूड हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. पैसे जातात मजुरीत, एकट्या नगासाठी मशीन लावण्यात आणि तिरपी बसलेली आर, म्हणजे भोवऱ्याच्या टोकाचा खिळा, काढून पुन्हा ठोकण्यात. म्हणून दर विचारताना ‘भोवऱ्याचे किती?’ असं विचारू नका. लाकूड, कातकाम, आर, रंग आणि दोरी यांचे भाव वेगवेगळे विचारा. एकच आकडा सांगितला, की त्यात काय आलं आणि काय राहिलं ते शेवटी कळतं.

पुढे जिथे भाव धरले आहेत, ते हिशेब कळावा म्हणून. तुमच्या दिवशी, तुमच्या दुकानात जो दर असेल तो त्या जागी घाला. रीत तीच राहील. सरकारी शुल्क मात्र ठरलेलं असतं. त्यात कुणी भर घातली तर पावती मागा.

आधी ठरवा: कोणत्या वयासाठी?

दोरीचा आणि आरीचा भोवरा सात-आठ वर्षांखालच्या मुलाला देऊ नका. आर लोखंडाची असते, भोवरा हातातून सुटतो आणि बाजूला उभ्या असलेल्या मुलाच्या पायावर किंवा तोंडावर बसतो. लहान मुलासाठी बोटांनी फिरवायचा, वर दांडी असलेला एकसंध भोवरा करून घ्या. त्याला खिळा नको, खालचं टोक लाकडाचंच आणि गोलसर हवं. दोरीही नाही, म्हणजे खर्च आपोआप कमी.

तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर मापाकडे बघा. सुमारे सव्वातीन सेंटीमीटरपेक्षा कमी जाडीची वस्तू लहान मुलाच्या घशात अडकू शकते. त्यामुळे दोन इंचांपेक्षा बारीक भोवरा करूच नका. मोठ्या भावाचा भोवरा धाकट्याच्या हाती लागतोच, हे धरून चाला.

लाकूड: कोणतं आणि कुठून?

भोवऱ्याला जड, घट्ट रेषांचं लाकूड लागतं. हलका भोवरा लवकर डुलायला लागतो. बाभूळ उत्तम, आणि आपल्याकडे सहज मिळते. वखर, डवरा, तिफण यांना वापरतात तेच हे लाकूड. शिसव, बोर, पेरू, चिंच हीसुद्धा चालतात. सागवान दिसायला देखणं आणि कातायला सोपं, पण बाभळीपेक्षा हलकं आणि महाग. भोवऱ्यासाठी मुद्दाम सागवान घेऊ नका. कुणी ‘सागाचा आहे म्हणून’ जास्त पैसे मागत असेल, तर तुम्ही टिकाऊपणाचे नाही, नावाचे पैसे देत आहात.

लाकूड मिळवायचे चार मार्ग आहेत. स्वस्तापासून सुरुवात करू.

पहिला, घरचं जुनं लाकूड. मोडकी बंडी, तुटलेलं जू, वखराचा जुना दांडा, उतरवलेली चौकट. वर्षानुवर्षं वाळलेलं असल्यामुळे हे तडकत नाही. खर्च शून्य, पण दोन गोष्टी तपासा. आत खिळा किंवा लोखंडी पट्टीचा तुकडा असेल तर पटाशीची धार जाते आणि सुतार त्याचे पैसे लावतो. लोहचुंबक फिरवून बघा. आणि जुना ऑइलपेंट चढलेला असेल तर ते लाकूड सोडा. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते, आणि घासताना त्याची भुकटी घरभर होते. डांबरी तेल मुरवलेले जुने रेल्वे स्लीपरही खेळण्यासाठी वापरू नका.

दुसरा, फर्निचरच्या दुकानातल्या ढलप्या आणि कापलेले तुकडे. दोन-अडीच इंची चौकोनी तुकडा दुकानदाराच्या कामाचा नसतो. सकाळी गिऱ्हाईक नसताना मागा. फुकट किंवा चहापाण्याच्या पैशात मिळून जातो. प्लायवूड आणि एमडीएफ मात्र घेऊ नका. दोन्ही कातताना थर सुटतात आणि आर धरत नाहीत.

तिसरा, जळाऊ लाकडाची टाल. एका भोवऱ्याला लागणारा बाभळीचा ठोकळा साधारण पाव किलोचा. जळाऊ लाकूड किलोला दहा रुपये धरलं, तरी एका ठोकळ्याला अडीच रुपये. अडचण एवढीच, की यातलं बरंच लाकूड ओलं किंवा तडकलेलं असतं. दहा भोवऱ्यांसाठी वीस ठोकळ्यांचं लाकूड उचला.

चौथा, लाकडाची वखार. इथे भाव घनफुटावर असतो, आणि घोटाळा इथेच होतो. घनफुटात १,७२८ घनइंच असतात. दोन इंच जाड, तीन इंच उंच भोवऱ्याचा ठोकळा १२ घनइंचाचा धरला, तर कागदावर एका घनफुटात १४४ नग बसतात. प्रत्यक्षात ठोकळा थोडा मोठा घ्यावा लागतो. आरी लाकूड खाते, गाठी आणि तडे बाद होतात. हातात ७० नग पडले तर चांगलं. घनफुटाला १,४०० रुपये धरले तर एका नगाचं लाकूड २० रुपयांचं होतं. ४,२०० रुपयांच्या सागवानात तेच ६० रुपये. तुम्हाला पाच-दहाच भोवरे हवे असतील तर वखारीच्या वाटेला जाऊ नका. अख्खा ओंडका घ्यावा लागेल, शिवाय कापाई आणि हमाली वेगळी.

वखारीतून घ्यायचंच असेल तर पक्कं बिल मागा. ‘बिल हवं असेल तर अठरा टक्के जास्त’ हे वाक्य ऐकायला मिळेल. लाकडावर जीएसटी आहे, हे खरं. पण तो कर घेणाऱ्या दुकानदाराचा जीएसटी नंबर बिलावर असायलाच हवा. नंबर नसलेल्या किंवा कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला तुमच्याकडून वेगळा कर घेता येत नाही.

लाकूड बघताना

ठोकळ्याचं कापलेलं टोक डोळ्यांसमोर धरा. वर्तुळं दिसतील. वर्तुळांचा मधला बिंदू, म्हणजे खोडाचा गाभा, ठोकळ्यात नको. गाभा ठेवून केलेला भोवरा महिन्या-दोन महिन्यांत मधोमध तडकतो. बाहेरचा पांढरट भाग कमी, आतला तांबूस-तपकिरी भाग जास्त असावा. पांढऱ्या भागाला किडा लवकर लागतो. रेषा ठोकळ्याच्या उंचीच्या दिशेने उभ्या असाव्यात. आडव्या रेषांच्या ठोकळ्यात आर ठोकली की लाकूड फुटतं.

ओलं लाकूड असेल तर थांबा. दर इंच जाडीला साधारण वर्षभर वाळवावं असा सुतारकामातला जुना ठोकताळा आहे. दोन इंची ठोकळ्याला एवढा वेळ कुणी देत नाही, पण दोन-तीन महिने सावलीत ठेवाच. दोन्ही टोकांना मेण किंवा फेव्हिकॉल लावा, म्हणजे टोकाकडून पाणी झपाट्याने उडून तडे पडणार नाहीत. उन्हात टाकून ‘लवकर वाळवलेलं’ लाकूड घेऊ नका.

परवानगी: इथे चूक महागात पडते

तालुक्यात जंगल जवळ आहे, म्हणून ‘तिकडून एक फांदी आणू’ असा विचारही करू नका. राखीव किंवा संरक्षित वनातून लाकूड आणणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. ते लाकूड ज्या वाहनातून आणलं, ते वाहनही जप्त होऊ शकतं. कुणी बिलाशिवाय स्वस्तात सागवान देत असेल, तर स्वस्त का आहे ते तुम्हाला कळलेलंच असतं. घेणाराही अडकतो.

स्वतःच्या शेतातलं झाड असेल तरी थांबा. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, फणस, खैर, चंदन, हिरडा, ऐन, बिजा, हळदू, तिवस, अंजन अशी झाडं आहेत. ही झाडं तुमच्या बांधावर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ या यादीत नाही. तरीही झाड पाडून लाकूड गाडीत घालण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. वाहतूक परवाना लागतो की नाही, ते तिथेच कळेल. सोबत सातबारा ठेवा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांना निघतो. सीएससी केंद्रावरून काढला तर केंद्रचालक वर सेवाशुल्क घेतो, ते किती ते आधी विचारा.

नगरपरिषदेच्या हद्दीतल्या अंगणातलं झाड असेल तर कायदा वेगळा, कार्यालयही वेगळं. तिथे १९७५ चा नागरी क्षेत्रातील वृक्षांच्या जतनाचा कायदा लागतो आणि अर्ज नगरपरिषदेत करायचा असतो. पाच भोवऱ्यांसाठी झाड तोडायची गरजच नाही. एक जुना दांडा पुरतो.

कुणाकडे जायचं आणि कधी?

तीन प्रकारची माणसं हे काम करतात. गावातला सुतार वाकस आणि रंध्याने हातावर भोवरा करतो. फर्निचरवाल्याकडे लहान खराद मशीन असेल तर तो कातून देतो. पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी कातणारा कारागीर हे काम सगळ्यात सफाईने करतो. घाटंजीत खराद मिळाली नाही तर यवतमाळ चाळीसेक किलोमीटरवर आहे. पांढरकवडा आणि आर्णीतही चौकशी करा. निघण्याआधी फोन करून दोन प्रश्न विचारा: ‘दोन-अडीच इंची लहान नग कातता का?’ आणि ‘आर तुम्ही बसवता का?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर लोहाराचा खर्च वेगळा धरा.

प्रवासखर्चही भोवऱ्याच्या किमतीत धरा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. आजोबा किंवा आई जाऊन आली तर खर्च निम्मा किंवा शून्य. ज्येष्ठांनी ओळखपत्र जवळ ठेवावं.

वेळ निवडा. मृगाच्या आधी, मे-जूनमध्ये, सुतार शेतीच्या अवजारांत गुंतलेला असतो. श्रावणात पोळा आणि दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैलांची गर्दी असते. या दोन काळांत काम दिलं तर एकतर दर जास्त, नाहीतर ‘पुढच्या आठवड्यात या’. दिवाळी उलटल्यापासून होळीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. हवा कोरडी, लाकूड फुगलेलं नसतं आणि कारागिराला उसंत असते.

एक आडवाट: तान्ह्या पोळ्याचे बैल करणाऱ्याकडेच जा, पण पोळा उलटल्यावर. चाकं कातायची सोय त्याच्याकडे असते आणि उरलेले तुकडेही असतात. लाकडाचे पैसे बहुधा लागतच नाहीत.

एक नग की दहा नग?

आता हिशेब. कारागिराचा रोज ८०० रुपये धरू, म्हणजे आठ तासांच्या दिवसात तासाला १००. मशीन लावणं, पटाशीला धार करणं, माप ठरवणं यात अर्धा तास जातो. हा अर्धा तास एका नगालाही लागतो आणि दहा नगांनाही. प्रत्येक भोवरा कातून, घासून, आर बसवून द्यायला अर्धा तास धरा.

एकच भोवरा केला तर लाकूड २०, मजुरी १००, खिळा २, दोरी १२, सँडपेपरचा एक कागद १५, तेल किंवा रंग १० रुपये. एकूण १५९.

दहा केले तर लाकूड २००, मजुरी ५५०, खिळे २०, दोरी १२०, सँडपेपरचे तीन कागद ४५, तेल ६०. एकूण ९९५. म्हणजे नगाला शंभराच्या आत.

तेच लाकूड, तोच कारागीर, आणि नगामागे साठ रुपयांचा फरक. म्हणून गल्लीतली किंवा वर्गातली चार-पाच घरं एकत्र करा. लाकूड घरचं नेलंत तर आणखी वीस वाचतात. दोरी घरी लावलीत तर बारा.

हातावर करून घेणार असाल तर मजुरी वेगळी धरा. वाकसाने घडवायला एका नगाला तास ते दीड तास जातो, म्हणजे शंभर ते दीडशे रुपये. तरीही तो मशीनइतका समतोल येईलच असं नाही. जुन्या हाताचा सुतार असेल तरच हा मार्ग घ्या.

न सांगितलेले खर्च

हे आधी विचारा, कारण हे आधी कुणी सांगत नाही. आरा मशीनवर ठोकळे कापायचं किमान शुल्क: एक तुकडा असो की वीस, पैसे तेवढेच, त्यामुळे सगळे ठोकळे एकदाच कापून घ्या. लाकडात खिळा निघाला तर धारेचे पैसे. रंग ‘वेगळा’. आर ‘वेगळी’. आर तिरपी गेली तर पुन्हा बसवायचे पैसे. हे शेवटचे तर देऊच नका. आर सरळ बसवणं हे कामातच धरलेलं असतं. आगाऊ रक्कम एक तृतीयांशपेक्षा जास्त देऊ नका आणि वहीच्या पानावर का होईना, लिहून घ्या.

स्वतःची आरा मशीन टाकून लाकूड कापायचा विचार असेल तर सोडा. त्याला वनखात्याचा परवाना लागतो. ठोकळे बाहेरून कापून आणणंच परवडतं.

आर बसवताना समोर उभे राहा

भोवरा चांगला की वाईट, हे या दोन मिनिटांत ठरतं. कातलेल्या भोवऱ्याच्या खालच्या टोकाला खरादीच्या सुळक्याची बारीक खूण राहिलेली असते. तीच मध्य. तिथे खिळ्यापेक्षा थोडं बारीक भोक गिरमिटाने सरळ पाडायला सांगा. भोक न पाडता खिळा ठोकला तर लाकूड फुटतं किंवा खिळा रेषेच्या कलाने वाकडा जातो. दोन इंची खिळा असेल तर त्याचं डोकं छाटायचं, टोकाला साबण लावायचा आणि जवळजवळ सगळा आत घालायचा. बाहेर अर्ध्या इंचापेक्षा कमी राहावा. मग बाहेरचं टोक कानशीने गोल करायचं. अणकुचीदार टोक फरशीला भोकं पाडतं, पायाला लागतं आणि लवकर झिजून तिरपं होतं.

पैसे देण्याआधी तिथेच फिरवून बघा. हाताला थरथर लागली, किंवा भोवरा एका जागी न राहता जमिनीवर वर्तुळं काढायला लागला, तर मध्य चुकला आहे. आर थोडी ठोकून सरळ होत असेल तर लगेच करून घ्या. होत नसेल तर नग परत द्या. आर ठीक असूनही भोवरा एका बाजूला झुकत असेल, तर त्या बाजूला गाठ किंवा जड लाकूड आहे. जड बाजू घासून हलकी करता येते, पण तेवढा वेळ कारागिराने द्यायला हवा.

रंग: डब्यावर काय लिहिलंय ते वाचा

सगळ्यात सुरक्षित आणि स्वस्त म्हणजे जवसाचं तेल. आपल्याकडे घाणीवर मिळतं. फडक्याने पातळ हात द्या, जास्तीचं पुसा, आठ-दहा दिवस वाऱ्यावर ठेवा. घाईत असाल तर हा मार्ग नाही. एक जपायचं: जवसाच्या तेलाने भिजलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. उघडं पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग फेका.

रंगीत हवा असेल तर लाखेची कांडी मागा. भोवरा मशीनवर फिरत असतानाच कांडी टेकवतात, उष्णतेने लाख वितळून चढते आणि लगेच वाळते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी अशीच रंगवतात. आपल्याकडे लाखकाम करणारा प्रत्येक ठिकाणी मिळेल असं नाही. त्यासाठी कुणी दुप्पट दर मागितला तर तेलावर भागवा.

डबाबंद रंग लावणार असाल तर घरगुती सजावटीचा रंगच घ्या. २०१७ पासून भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या वर चालत नाही, आणि तसं डब्यावर लिहिलेलं असतं. गाड्या, यंत्रं, ट्रॅक्टर यांच्यासाठीचे औद्योगिक रंग या नियमात येत नाहीत. कारागिराकडे उरलेला बंडीचा किंवा ट्रॅक्टरचा रंग ‘फुकट लावून देतो’ म्हणाला, तर नको म्हणा.

दोरी

सुती दोरी घ्या. तीन मिलिमीटर जाड, सव्वा ते दीड मीटर. नायलॉन घसरतो आणि बोट भाजतं. सुतळीचे तंतू सुटतात. एका टोकाला गाठ मारा, दुसऱ्या टोकाला बोटात अडकेल असा फास. फास सैल हवा, आवळणारा नको. दुकानात ‘भोवऱ्याची दोरी’ म्हणून मिळणारा तुकडा महाग पडतो. तीच दोरी मीटरवर घ्या. दोरी भोवऱ्याच्या आधी संपते, म्हणून दोन घ्या.

तयार घेणार असाल तर

बाजारात तयार लाकडी भोवरा मिळतो. डबाबंद असेल तर त्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीचा नंबर असायला हवा. कमाल किमतीवर वेगळा कर लावता येत नाही. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. बीआयएस केअर ॲपमध्ये परवाना क्रमांक टाकून चिन्ह खरं आहे का ते बघता येतं. सवलत आहे ती हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना. त्यामुळे हातकामाच्या भोवऱ्यावर चिन्ह नसेल, तर ‘कारागीर ओळखपत्र आहे का?’ एवढं विचारा.

ऑनलाइन मागवताना एका नगाला पाठवणीचा खर्च कधीकधी भोवऱ्याएवढाच येतो. पैसे भरण्याआधी शेवटच्या पानावरची एकूण रक्कम बघा. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी मिळतात, पण इथून तिकडे भोवऱ्यासाठी कुणी जाणार नाही. कुणी कोकणात जात असेल तर सांगून ठेवा. पांढरकवडा-आदिलाबाद मार्गे निर्मल त्या मानाने जवळ, पण निर्मलची खेळणी हलक्या लाकडाची आणि शोभेची असतात. जमिनीवर आपटायची नव्हेत.

स्वतः करून विकायचे असतील तर

घरच्या मुलासाठी केलात तर कुठलीही नोंदणी लागत नाही. विकायला लागलात की तीन कागद काढा. तिन्ही फुकट आहेत.

उद्यम नोंदणी: आधार, पॅन आणि मोबाइल एवढंच लागतं, कागद जोडावे लागत नाहीत, शुल्क शून्य. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळं यासाठी हजार-दोन हजार रुपये घेतात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का ते बघूनच माहिती भरा.

हस्तशिल्प कारागीर ओळखपत्र: आयएसआय चिन्हाच्या सक्तीतून सूट याच्यावर अवलंबून आहे. चिन्ह किंवा सूट यांपैकी काहीच नसताना खेळणी विकणं हा कायद्याचा भंग होतो, आणि दंड लाखांत आहे. अर्ज कसा करायचा आणि जवळचं सेवा केंद्र कोणतं, ते यवतमाळच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

पीएम विश्वकर्मा: यातल्या १८ व्यवसायांत सुतार आणि पारंपरिक खेळणी बनवणारे दोन्ही आहेत. वय १८ पूर्ण, कुटुंबातल्या एकालाच लाभ, सरकारी नोकराच्या कुटुंबाला नाही. आधार, आधारशी जोडलेला मोबाइल, बँक खातं आणि शिधापत्रिका घेऊन सीएससी केंद्रावर जा. नोंदणी मोफत आहे. ‘फॉर्मचे तीनशे’ देऊ नका. पडताळणी आधी ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद, मग जिल्हा समिती, मग वरची समिती अशा तीन टप्प्यांत होते, त्यामुळे आठवड्यात काही होत नाही. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, त्यात दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाखापर्यंत कर्ज. हे कर्ज १८ महिन्यांत फेडायचं. ‘लवकर मंजूर करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात काही नसतं.

जीएसटीची काळजी लगेच करू नका. फक्त माल विकत असाल तर वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. पुढे गरज पडलीच, तर इलेक्ट्रॉनिक नसलेल्या खेळण्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून दर १२ वरून ५ टक्के झाला आहे. जुना दर सांगून कुणी बिल फाडलं तर दाखवून द्या.

मशीन घेण्याआधी वीजही मोजा. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर आठ तास चालली तर साधारण तीन युनिट. खर्च मोठा नाही, पण घरच्या मीटरवर धंदा चालेल का, ते महावितरणच्या कार्यालयात आधी विचारा. नंतरची दुरुस्तीची बिलं जड जातात. चष्मा आणि तोंडाला फडकं घ्या. खरादीवर हातमोजे घालू नका, ओढणी किंवा सैल बाही ठेवू नका. मशीन चालू असताना मूल खोलीत नको.

फसवणूक झाली तर

आधी दुकानदाराला लेखी सांगा. व्हॉट्सॲपवर सांगितलं तरी तो पुरावा ठरतो. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. दीडशे रुपयांच्या भोवऱ्यासाठी कुणी यवतमाळला खेटे घालणार नाही, हे दुकानदारालाही ठाऊक असतं. म्हणूनच पावती आणि चिठ्ठी महत्त्वाची.

ती चिठ्ठी अशी लिहा: लाकूड कोणतं आणि कुणाचं, नग किती, जाडी-उंची किती, आर धरून की आर वेगळी, रंग कोणता, दोरी आहे की नाही, एकूण रक्कम, आगाऊ किती दिले, तारीख कोणती. खाली एक ओळ: ‘फिरवून बघितल्यावर उरलेले पैसे.’ त्या ओळीखाली सही करायला जो कारागीर तयार होतो, त्यालाच काम द्या.